पाचवीच्या वेळापत्रकात 'वयात येण्या'चा तास ठेवा : शालेय शिक्षण मंत्र्यांना कळव्याहून खुले पत्र

माननीय शालेय शिक्षण मंत्री महोदय,

सादर नमस्कार.

कळव्यात खारेगावच्या बाजूला, रिक्षा स्टँडसमोर माझं मेडिकल आहे. 22 वर्षं मी त्या काउंटरमागे उभा आहे. आसपासच्या चाळींत आणि नव्या टॉवरांत राहणारी बरीच मुलं ग्राइप वॉटरच्या बाटलीपासून माझ्या ओळखीची आहेत.

गेल्या पावसाळ्यात त्यांतलाच एक, सातवीतला, चार इंची क्रेप बँडेज मागायला आला. पाय मुरगळला का, असं विचारलं तर हो म्हणाला आणि पायऱ्या उतरून पळत गेला. आठवड्याने पुन्हा आला. आता सहा इंची हवं होतं. दप्तर पाठीला न लावता त्याने दोन्ही हातांनी छातीशी धरलं होतं. दुकानात दुसरं कुणी नव्हतं, म्हणून मी त्याला आत स्टुलावर बसवलं, पाणी दिलं. बराच वेळ गप्प बसून मग म्हणाला, "काका, माझ्या छातीत गाठ आलीय. दोन्हीकडे. मी मुलगी होतोय का?"

दोन महिने हा मुलगा शर्टाच्या आत बँडेज आवळून शाळेत जात होता. पीटीच्या तासाला दम लागायचा. पालिकेच्या तरणतलावावर जाणं बंद केलं होतं आणि घरी सांगितलं होतं की पाण्याने डोळे चुरचुरतात.

महोदय, वयात येणाऱ्या जवळपास निम्म्या मुलग्यांना हे होतं. संप्रेरकांचं, म्हणजे हार्मोन्सचं, प्रमाण वरखाली होत असताना स्तनाग्राखाली छोटी, दुखरी गाठ येते आणि बहुतेकांची सहा महिने ते दोन वर्षांत आपोआप विरते. वाढतच गेली, एकाच बाजूला टणक झाली किंवा तिच्यातून काही वाहू लागलं तर डॉक्टरांना दाखवायचं. एवढंच मी त्याला सांगितलं. "नक्की ना?" असं तीनदा विचारून तो उठला. बँडेज न घेताच गेला, दप्तर पाठीला लावून.

दुसरा प्रसंग रात्री साडेनऊचा. शटर अर्धं ओढलं होतं. ओळखीचे एक रिक्षावाले आले, "ते... व्हिस्पर द्या" एवढं बोलले आणि रस्त्याकडे बघत उभे राहिले. बायको सासूच्या आजारपणासाठी गावी, चिपळूणला गेलेली. मुलगी पाचवीत, नुकतीच दहा पूर्ण झालेली. शाळेतून आल्यापासून ती मोरीत कडी लावून बसली होती. आतून कुठेतरी कापलंय आणि आता रक्त थांबणार नाही, अशी तिची समजूत झाली होती. माझी बायको पाकीट घेऊन त्यांच्याबरोबर गेली. घडी कशी उलगडायची, चिकट बाजू कुठे लावायची, चार ते सहा तासांनी बदलायचं, कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकायचं, हे तिने मोरीच्या दाराबाहेर उभं राहून सांगितलं. मुलीचे वडील जिन्यात बसून ऐकत होते. दुसऱ्या दिवशी सुट्टे पैसे द्यायला आले तेव्हा म्हणाले, "वहिनींना सांगा, आता मला पण येतं."

या दोन्ही मुलांना शाळा कधीतरी सांगणार होतीच. दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात मानवी प्रजनन शिकवतात: आकृती, नावं, गुण. तोवर मूल पंधरा वर्षांचं झालेलं असतं. मुलींमध्ये वयात येण्याची सुरुवात 8 ते 13 या वर्षांत होते, मुलग्यांमध्ये 9 ते 14. मेंदूतला हायपोथॅलॅमस पिट्युटरी ग्रंथीला जागं करतो आणि ती अंडाशयांना किंवा वृषणांना कामाला लावते. मुलींची छाती आधी भरू लागते आणि साधारण दोन-अडीच वर्षांनी पाळी येते. म्हणजे शरीर आपल्याला चांगली दोन वर्षं आधी वर्दी देतं. त्या दोन वर्षांत बहुतेक घरांतून मुलीला एकच वाक्य ऐकू येतं, "नीट बस." पहिलं वर्ष-दोन वर्षं पाळी अनियमित असणं स्वाभाविक आहे, हे कुणी सांगत नाही. आठव्या वर्षाआधीच बदल सुरू झाले, तेराव्यापर्यंत काहीच दिसलं नाही किंवा पंधरापर्यंत पाळी आली नाही तर डॉक्टर गाठायचा, हेही नाही.

मुलग्यांमध्ये आधी वृषणं वाढतात, मग उंची झपाट्याने वाढते आणि आवाज बदलतो. स्वरयंत्र मोठं होतं, स्वरतंतू लांब आणि जाड होतात आणि वर्गात कविता म्हणताना आवाज मधेच फुटतो. वर्ग हसतो. बाईही हसतात. त्यानंतर वर्षभर हात वर न करणारी मुलं मी पाहिली आहेत. त्यांच्या आया माझ्याकडे बुद्धीचं टॉनिक मागायला येतात.

आया आणखीही बरंच मागतात. "रात्री झोपत नाही, सकाळी उठत नाही, उलटं बोलतो, काहीतरी द्या ना." मी त्यांना सांगतो की या वयात झोप आणणारं मेलाटोनिनच रात्री उशिरा स्रवू लागतं, त्यामुळे मूल दहाला आडवं झालं तरी डोळा लागत नाही. मेंदूतला भावना उसळवणारा भाग लवकर जोर धरतो आणि लगाम हातात असलेला पुढचा भाग पंचविशीपर्यंत पिकत राहतो. आपल्या लोकांनी गद्धेपंचविशी हा शब्द कधीचाच करून ठेवलाय, तो वयाच्या हिशेबाने बरोबरच निघाला. पण मूल दोन आठवडे हिरमुसलेलंच असेल, जेवण टाकत असेल, स्वतःला इजा करत असेल तर ते वय म्हणून सोडून द्यायचं नसतं. मानसिक त्रासासाठी सरकारचीच टेली-मानस हेल्पलाइन आहे, 14416. मी तो नंबर दुकानाच्या काचेवर लावलाय, कारण ज्या ज्या मुलाला विचारलं त्याला तो ठाऊक नव्हता.

"हे घरी आईबापांनी सांगावं," असं आपल्याला पुष्कळ जण म्हणतील. म्हणून माझ्या घरचं सांगतो. माझा मुलगा तेरा वर्षांचा असताना एका सकाळी त्याने आपली चादर स्वतः धुऊन वाळत घातली. आईने विचारलं, तर पाणी सांडलं म्हणाला. मला कळलं होतं. मी डी. फार्म. आहे, औषधांची आणि शरीराची माहिती देणं हे माझं रोजचं काम. तरी मी पेपर वाचत बसलो. पाच वर्षांनी त्यानेच सांगितलं: त्याला वाटलं होतं, आपल्याला काहीतरी रोग झालाय. लोकलच्या डब्यात 'बचपन की भूल'वाली जी पत्रकं चिकटवलेली असतात, त्यावरचा पत्ता त्याने वहीत उतरवून घेतला होता आणि त्या डॉक्टरच्या फीसाठी खाऊचे पैसे साठवत होता.

तेव्हापासून एका शब्दाचा मला फार राग येतो: स्वप्नदोष. झोपेत वीर्य बाहेर येणं हा वाढत्या शरीराचा साधा व्यवहार आहे. त्याने अशक्तपणा येत नाही, उंची खुंटत नाही. आणि आपण त्याला दोष म्हणतो. मुलींच्या बाबतीत विटाळ म्हणतो, कावळा शिवला म्हणतो. याच मराठीत 'वयात येणं' असा सुरेख शब्दही आहे. पाठ्यपुस्तक मंडळाने तो उचलावा आणि बाकीचे शब्द शिक्षकांच्या तोंडून काढावेत, ही माझी मनापासूनची विनंती आहे.

घरात शब्द मिळत नाहीत, शाळेत तास नाही. मग मुलं मोबाइलला विचारतात आणि माझ्यासारख्याच्या काउंटरवर येतात. पिंपल्ससाठी मैत्रिणीने सांगितलेली ट्यूब मागतात. त्यातल्या काहींमध्ये क्लोबेटासोलसारखं जोरदार स्टेरॉइड असतं. चेहरा आधी उजळतो, मग कातडी पातळ होते आणि पुटकुळ्या आणखी उठतात. चिठ्ठीशिवाय मी ती देत नाही, तेव्हा त्या मुली पुढचं दुकान शोधतात. मुलगे उंची वाढवायची पावडर मागतात.

सरकारने काहीच केलं नाही असं मी म्हणणार नाही. 2014 मध्ये राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला, किशोरांसाठी आपल्या राज्यात मैत्री क्लिनिक आली. 2020 मध्ये शाळा आरोग्य कार्यक्रम आला: प्रत्येक शाळेत दोन प्रशिक्षित शिक्षक, आठवड्याला एक तास. कागद उत्तम आहे. पण त्याआधी 2007 मध्ये किशोरावस्था शिक्षणाचा कार्यक्रम याच महाराष्ट्राने शाळांतून थांबवला होता, आणि त्या वेळची भीती शिक्षकांच्या मनातून अजून गेलेली नाही. माझ्या गिऱ्हाइकांत शिक्षक आहेत. "पालक तक्रार करतील, वर्तमानपत्रात येईल, आम्ही कशाला," असं ते मला सांगतात, आणि त्यांना लेखी पाठबळ दिसत नाही तोवर त्यांचं चूक म्हणता येत नाही.

न सांगता केलेली चांगली गोष्टही वाया जाते. शाळेत आठवड्याला लोहाची निळी गोळी देतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-5 प्रमाणे देशात 15 ते 19 वर्षांच्या 59 टक्के मुलींना रक्तक्षय आहे आणि 31 टक्के मुलग्यांनाही, म्हणजे ती गोळी लागतेच. पण तिने शौचाला काळं होतं हे आधी सांगितलं नाही, तर मूल घाबरतं आणि पुढच्या आठवड्यात गोळी खिडकीबाहेर जाते. एका मुलीने तिच्या वर्गाच्या खिडकीखाली निळ्या गोळ्यांचा कसा सडा पडतो ते मला सांगितलं.

जुलै 2025 मध्ये आपल्याच ठाणे जिल्ह्यात, शहापूर तालुक्यातल्या एका शाळेत काय झालं ते आपण जाणता. स्वच्छतागृहात रक्ताचे डाग दिसले म्हणून पाळी कुणाला आली आहे ते शोधायला पाचवी ते दहावीच्या मुलींना उभं केलं आणि कित्येकींचे कपडे उतरवून तपासलं. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या पोक्सो कायद्याखाली गुन्हा दाखल झाला, मुख्याध्यापिकेला अटक झाली. कायद्याने आपलं काम करावं. पण ते करणारी मोठी, शिकलेली माणसं होती, त्यातही बाया होत्या. पाळी म्हणजे शोधून काढायचा गुन्हा, ही समजूत त्यांनी कुठल्या तरी शाळेतूनच घरी नेली असणार. त्या दिवशी फरशी पुसून एक पॅड हातात द्यायला किती वेळ लागला असता?

म्हणून माझी मागणी पाचवीपासूनची आहे. पाळी येण्याआधी आणि आवाज फुटण्याआधी. मुलींना पाळीबद्दल आणि मुलग्यांना त्यांच्या शरीराबद्दल तर सांगाच. पण मुलग्यांना पाळीही सांगा, नाहीतर डाग दिसला की हसणारे तेच असतात. नको असलेला स्पर्श कसा ओळखायचा आणि मुलांसाठीच्या 1098 या हेल्पलाइनला फोन कसा लावायचा, हे त्याच तासात यावं. आधी पालकांची एक सभा घ्यावी. ते जिन्यात बसलेले वडील मी पाहिलेत, माणसं ऐकतात. आणि पॅडचा डबा मुख्याध्यापकांच्या कपाटात कुलपात न ठेवता मुलींच्या स्वच्छतागृहात ठेवावा.

आरोग्य खात्याशीही आपण बोलावं. मी एका मुलीला जवळच्या सरकारी दवाखान्यात पाठवलं होतं. तिथे किशोरांसाठीची वेळ सकाळची, आणि तिची शाळाही सकाळची. ती परत आली आणि मलाच विचारून गेली.

शाळा जूनमध्ये नव्या वर्षाची वेळापत्रकं लावतील. त्यात हा तास नावानिशी दिसावा आणि तो घेणाऱ्या शिक्षकामागे खातं उभं आहे असं परिपत्रक त्याआधी निघावं. आपल्या अधिकाऱ्यांना मुलांचं ऐकायचं असेल तर साडेपाच ते सातच्या दरम्यान कळव्याला पाठवा. शाळा आणि क्लास यांच्या मधल्या त्या वेळात मुलं काउंटरवर येतात, आणि आतलं स्टूल मी अजून हलवलेलं नाही.

आपला नम्र,
कळव्यातला एक औषधविक्रेता