त्या पोरांना 'रेसर' म्हणू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मागच्या रविवारी तुमच्या पेपरात रात्री हायवेवर गाड्या पळवणाऱ्या पोरांची बातमी होती, हेडिंग होतं 'रेसरांचा धुमाकूळ'. पोरांना धरलं ते बरंच झालं, पण तो रेसर शब्द काही पचला नाही म्हणून लिहितोय. मी त्या लाइनमधला नाही, बँकेतून रिटायर झालोय, पण चाळीसेक वर्षं रेसिंग फॉलो करतोय आणि तुमच्याकडे छापून येतं ते फक्त फॉर्म्युला वन, तेही टेनिसच्या खाली चार ओळी. स्पोर्ट्स कारच्या रेसिंगबद्दल कधी काही वाचल्याचं आठवत नाही.

तर रेसर कसा असतो ते सांगतो. बेल्जियमचा जॅकी इक्स, जन्म 1945 चा. फ्रान्समधली ल माँची 24 तासांची रेस या माणसाने 6 वेळा जिंकली, पहिली 1969 ला आणि शेवटची 1982 ला, तो रेकॉर्ड थेट 2005 मध्ये डेन्मार्कच्या टॉम क्रिस्टेन्सनने मोडला. फॉर्म्युला वनमध्ये पण 8 रेस जिंकला, दोनदा चॅम्पियनशिपमध्ये दुसरा आला, 1983 ला पॅरिस-डकार रॅली मारली. पण हे आकडे राहू देत, मला सांगायचंय ते 1969 च्या स्टार्टबद्दल.

तेव्हा ल माँला पद्धत अशी होती की गाड्या रस्त्याच्या एका कडेला तिरक्या लावलेल्या आणि ड्रायव्हर समोरच्या कडेला उभे, झेंडा पडला की सगळे धावत सुटायचे, उडी मारून गाडीत बसायचं, चावी फिरवायची आणि निघायचं, म्हणजे संगीत खुर्चीच म्हणा. आता या घाईत पट्टा कोण लावणार? बरेच जण तसेच निघायचे आणि पुढे सरळ रस्ता आला की सुसाट वेगात एका हाताने बकल शोधत बसायचे. आदल्या वर्षी विली मेरेस, हाही बेल्जियमचाच, त्याचं घाईत दार नीट लागलं नव्हतं, पहिल्याच लॅपला गाडी आदळली आणि करिअर पण संपलं.

इक्स तेव्हा 24 वर्षांचा. झेंडा पडला, सगळे पळाले, आणि हा पठ्ठ्या चालत निघाला! बाजारात भाजी आणायला निघाल्यासारखा, आरामात. मधे एक गाडी त्याला घासूनच जाणार होती तेव्हा काय दोन पावलं पळाला असेल तेवढीच. गाडीत बसला, पट्टा नीट आवळला आणि सगळ्यात शेवटी निघाला. आणि त्याच पहिल्या लॅपला जॉन वूल्फ नावाचा ब्रिटिश ड्रायव्हर, नवीकोरी पोर्शे 917, पट्टा न लावता निघालेला, गाडी उलटली, तो बाहेर फेकला गेला आणि त्यातच गेला.

पुढचे 24 तास इक्स आणि त्याचा जोडीदार जॅकी ऑलिव्हर त्यांची जुनी फोर्ड जीटी40 आळीपाळीने चालवत एक एक गाडी मागे टाकत आले, शेवटचे काही तास तर हान्स हेरमानच्या पोर्शेबरोबर कधी हा पुढे कधी तो पुढे असं चाललं होतं, आणि जवळजवळ 5000 किलोमीटर चालवून इक्स जिंकला तो साधारण 120 मीटरने! म्हणजे जो चालत गेला तोच पहिला आला. आपल्या घाटातल्या 'अति घाई संकटात नेई' बोर्डावर या माणसाचा फोटो लावायला हरकत नाही. पुढच्या वर्षीपासून धावायचा स्टार्ट बंद, ड्रायव्हर आधीच पट्टे लावून गाडीत बसलेले.

आणि गंमत पुढे आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी हा पॅरिसला निघाला, शार्त्रजवळ एक गाडी मधेच आडवी आली, याची पोर्शे 911 जाऊन खांबावर आदळली, गाडीचा पार चुराडा. याने पट्टा सोडला आणि खाली उतरला, खरचटलं पण नाही.

भित्रा वगैरे समजू नका हां. 1977 ला त्याची स्वतःची गाडी लवकर बंद पडली तेव्हा टीमने त्याला दुसऱ्या पोर्शे 936 मध्ये बसवलं, ती पार मागच्या नंबरांपर्यंत घसरलेली होती. रात्रभर अंधारात, पावसात त्याने ती अशी काही हाणली की सकाळपर्यंत गाडी पुढे. शेवटच्या तासात इंजिन गेलं, मेकॅनिकनी एक सिलिंडर बंद केला आणि युर्गेन बार्टने पाच सिलिंडरवर रखडत दोन लॅप पुऱ्या करून रेस जिंकून दिली.

संत होता असंही नाही. 1985 ला बेल्जियममधल्या स्पाच्या ट्रॅकवर स्टेफान बेलॉफ या 27 वर्षांच्या जर्मन पोराशी त्याची टक्कर झाली, बेलॉफ गेला. चूक कोणाची यावर फॅन लोक अजून भांडतात, मला विचाराल तर बेलॉफने ओव्हरटेक करायची ती जागाच नव्हती. त्या सीझननंतर इक्सने ट्रॅकवरचं रेसिंग सोडलं.

आता आमच्याकडचं बघा. 2022 मध्ये पालघरजवळ उद्योगपती सायरस मिस्त्री गाडीच्या अपघातात गेले तेव्हा मागच्या सीटच्या पट्ट्यावर महिनाभर चर्चा चालली होती, तुम्ही पण अग्रलेख लिहिला होतात. आणि माझा सख्खा पुतण्या, गाडीवर मागे लाल अक्षरात रेसिंग लिहिलंय, पण पट्ट्याच्या खाचेत बाजारात मिळते ती नुसती क्लिप खोचलेली, का तर ती पी पी वाजू नये म्हणून! परवा मी त्याच्या शेजारी बसलो तेव्हा ती काढून खिशात टाकली. अजून परत मागितली नाही त्याने, बहुतेक दुसरी आणली असावी.

तेव्हा पुढच्या वेळी त्या पोरांना बेफाम म्हणा, टवाळ म्हणा, काय वाटेल ते म्हणा, रेसर तेवढं नको.

आपला,
एक जुना वाचक, चिंचवड