बाबा, पाय तुमचा चुकत नव्हता

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांस,
शि. सा. न. वि. वि.

गाडी विकलेली नाही. पत्र उघडल्यावर तुम्ही आधी तेच शोधाल, म्हणून पहिल्याच ओळीत लिहिते. जयसिंगपूरचं गिऱ्हाईक परवा येऊन गेलं. त्यांना चहा दिला आणि गाडी द्यायची नाही म्हणून सांगितलं. फोनवर तुम्हाला अर्धंच ऐकू येतं, आणि ही गोष्ट ओरडून सांगण्यासारखी नाही.

आई, तुझ्या डोळ्याची पट्टी निघाली असेल. थेंब वेळेवर घाल, आणि धाकट्याकडे आहेस तोवर चुलीपाशी जाऊ नकोस. घरचं सगळं ठीक आहे. म्हैस दूध देतेय, मळ्यातल्या मोटरीची लाइट रात्रीची आहे.

बाबा, आता तुमच्याशी बोलते. मागच्या पावसाळ्यात आईला मिरजेला नेताना अंकलीच्या पुलाआधी गाडी तीनदा बंद पडली, मागे ट्रक हॉर्न देत राहिले, आणि घरी येऊन तुम्ही किल्ली देवघराच्या कप्प्यात ठेवून दिलीत. मला फोनवर म्हणालात, "आता पायाला क्लच कळत नाही. ब्रेकही जड लागतो, गुडघ्यात जोर राहिला नाही." आणि मी म्हटलं, "पंचाहत्तरी झाली बाबा, आता गाडी सोडा." रोज दहा-बारा गाड्यांची दुखणी ऐकणारी मी, तुम्हाला एक प्रश्नसुद्धा विचारला नाही. गाडी कधी बंद पडते, गार असताना की तापल्यावर, काहीच नाही. त्याची माफी मागते.

विकायच्या आधी एकदा चालू करून पाहावी म्हणून शनिवारी बॅटरी जोडली. चोक ओढल्यावर इंजिन शहाण्यासारखं चाललं. चोक आत ढकलला की थरथरायचं, आणि पहिल्या गिअरला क्लच सोडताना कार्बोरेटरमध्ये, म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळतात तिथं, फट् असा आवाज करून गप्प व्हायचं. चोक बोटभर ओढला की पुन्हा सुरळीत. तिथंच माझ्या डोक्यात लख्ख झालं. चोक हवा अडवतो. हवा अडवल्यावर इंजिन सुधारत असेल, तर त्याच्या पोटात हवा जास्त जातेय किंवा पेट्रोल कमी पडतंय. आम्ही याला गाडी लीन चालते म्हणतो. एक किलो पेट्रोल नीट जळायला १४.७ किलो हवा लागते. हवा त्याहून फार वाढली की मिश्रण हळू जळतं, पुढच्या फेरीला झडप उघडली तरी आत जाळ असतो आणि तो उलटा वर येतो. तो फट् आवाज त्याचा. अशा इंजिनाची गाडी मीसुद्धा जागेवरून नीट उचलू शकले नाही. चार वेळा बंद पडली माझ्या हातून, आपल्याच फाटकात.

चारही प्लग काढून ओट्यावर ओळीनं मांडले. तोंडं भाजलेल्या रव्याच्या रंगाची हवीत, ती पांढरी होती. त्यातही चौथा अगदी चुन्याच्या निवळीत बुडवल्यासारखा. सगळे सारखे पांढरे असते तर मी थेट कार्बोरेटर उघडला असता. चौथा जास्त पांढरा, म्हणजे त्याच्या शेजारीच कुठंतरी बाहेरची हवा शिरत असणार. आणि मॅनिफोल्डवर, म्हणजे ते मिश्रण इंजिनात नेणाऱ्या नळीवर, चौथ्याच्या अंगाला काय जोडलंय? ब्रेकला जोर देणाऱ्या बूस्टरचा रबरी पाइप.

वरून पाइप चांगला दिसत होता. इंजिनाची हवेची ओढ मोजणारा व्हॅक्यूमचा गेज लावला, काटा पाऱ्याच्या १२ इंचांवर थरथरत होता. १७ ते २१ असावा, आपलं गाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंच म्हणून इंच-दोन इंच कमी धरू. मग पाइप मॅनिफोल्डच्या तोंडाशीच पकडीनं चिमटला. बाबा, इंजिनाचा आवाज क्षणात बदलला. काटा १७ वर जाऊन थांबला. पाइप काढून उलटा केला तेव्हा खालच्या बाजूला, क्लॅम्पच्या अगदी कडेला, बोटाच्या पेरभर लांब चीर होती. गाडी उभी असताना मिटलेली, इंजिन ओढायला लागलं की उघडणारी.

आता नीट वाचा. तुमच्या पायाला ब्रेक हलका लागतो तो इंजिनाच्या या ओढीमुळं. पाइप चिरला की इंजिनात नको ती हवा शिरते आणि बूस्टरला हवी ती ओढ मिळत नाही. गाडी बंद पडणं आणि ब्रेक जड होणं ही दोन दुखणी एकाच चिरेतून आली. गुडघा तुमचा चांगला आहे. जो माणूस आईला शेजारी बसवून तसल्या ब्रेकवर मिरजेपर्यंत जाऊन सुखरूप परत आला, त्याला मी गाडी सोडायला सांगत होते. मिस्त्रीनं स्लो, म्हणजे गाडी उभी असतानाचा इंजिनाचा वेग, वाढवून दिला होता ना? त्यानं बंद पडणं थोडं कमी झालं असेल, पण चीर झाकली गेली.

नवा पाइप सांगलीहून आणला, व्हॅक्यूमचाच, जाड भिंतीचा. पाण्याचा साधा पाइप घातला तर तो ओढीनं आत चिपकतो. मधला एकेरी वाल्व तपासला, तो शाबूत आहे. स्लो पुन्हा जागेवर आणला.

एवढ्यानं गाडी जागेवर शांत उभी राहायला लागली, पण पिकअप घेताना अजून अडखळत होती. मग कार्बोरेटर उघडला. वाटीच्या तळाशी तपकिरी गाळ, त्यात पाण्याचे मणी, आणि पेट्रोल मोजून सोडणाऱ्या मुख्य जेटच्या भोकाला पांढरट पापुद्रा. आपला ऊस कारखान्याला जातो, मळीचं इथेनॉल होतं, ते पेट्रोलमध्ये मिसळतं, हे मी तुम्हाला काय सांगणार. २०२३ पासून वीस टक्क्यांचं पेट्रोल यायला लागलं, आता सगळीकडे तेच मिळतं. शेतकऱ्याच्या उसाला आणखी एक गिऱ्हाईक मिळालं याचा मला आनंदच आहे. पण इथेनॉल पाणी ओढून घेतं, जुन्या टाकीतला गाळ सोडवतं, आणि त्याच्या अंगातच ऑक्सिजन असल्यानं त्याला जळायला हवा कमी लागते, किलोला साधारण ९ किलो. मिसळलेल्या पेट्रोलचा हिशेब साडेतेराच्या आसपास येतो. नव्या गाड्यांत सायलेन्सरच्या वाटेवरचा सेन्सर हे ओळखून पेट्रोल वाढवून घेतो. आपल्या १९९६ सालच्या गाडीला ते कसं कळणार? तिचा जेट जुन्या पेट्रोलच्या मापाचा. म्हणजे जेट स्वच्छ असता तरी ती आठेक टक्के लीनच चालली असती.

जेटवर १०५ कोरलेलं होतं, म्हणजे १.०५ मिलिमीटरचं भोक. मी ११० चा बसवला. अर्ध्या दशांशाचाच फरक, पण भोकाचं क्षेत्र दहा टक्क्यांच्या जवळपास वाढतं. टाकी रिकामी करून धुतली, फिल्टर बदलला, आणि पेट्रोलचे रबरी पाइप इथेनॉल सोसणारे घातले. जुने फुगून मऊ पडले होते, ते इंजिनाजवळ ठेवायची मला भीती वाटली.

काल सकाळी नरसोबाच्या वाडीला जाऊन आले. कुठंही बंद पडली नाही. घाटावर पाय धुतले, दत्ताला नारळ दिला, परत येऊन प्लग काढले. चारही रव्याच्या रंगाचे.

परत आलात की आधी एवढं करा. इंजिन बंद ठेवून ब्रेक चार-पाच वेळा दाबा, तो दगडासारखा होईल. पाय तसाच दाबून ठेवा आणि स्टार्टर मारा. पेडल पायाखाली थोडं खाली बसलं पाहिजे. शनिवारी ते बसत नव्हतं, आता बसतं. आठवड्यातून एकदा तरी गाडी फिरवा, टाकीत पेट्रोल पडून राहू देऊ नका. आणि आईच्या तपासणीला जाल तेव्हा तिथंच स्वतःचेही डोळे दाखवून घ्या. रात्री हायवेला जाऊ नका असं मी अजूनही म्हणेन, ते मात्र मनापासून.

किल्ली देवघराच्या कप्प्यातून काढून दाराशेजारच्या खिळ्याला लावली आहे, पूर्वीच्या जागी. जुना पाइप फेकलेला नाही. तो ओसरीतल्या कोनाड्यात आहे. हातात घेऊन जरा वाकवा आणि खालच्या बाजूनं अंगठा फिरवा.

तुमची,
थोरली