निःपक्षपातीपणाचे नियम हवेत; पण फ्रीलान्स निवेदकालाही संरक्षण हवे

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

बीबीसीच्या सूत्रसंचालकांनी समाजमाध्यमांवर काय लिहावे आणि काय लिहू नये, हा वाद आपल्याकडे पोहोचतो तो बहुतेक वेळा माजी फुटबॉलपटू आणि सूत्रसंचालक गॅरी लिनेकर या एका नावापुरता. एवढ्या मोठ्या नावामुळे त्याच बीबीसीत कार्यक्रमागणिक करारावर काम करणाऱ्या, नोकरीत नसलेल्या आणि प्रसिद्धीचे बळ नसलेल्या निवेदकांचा प्रश्न मात्र झाकला जातो. माझ्या मते या साऱ्या प्रकरणातील खरा प्रश्न तोच आहे, म्हणून हे पत्र.

छोट्या बोटींतून इंग्लिश खाडी ओलांडून येणाऱ्या निर्वासितांविरुद्धचे विधेयक ब्रिटनच्या तेव्हाच्या गृहमंत्री सुएला ब्रेव्हरमन यांनी मांडले, तेव्हा ७ मार्च २०२३ रोजी लिनेकर यांनी ट्वीट करून ते धोरण कमालीचे क्रूर असल्याचे म्हटले आणि त्यासाठी वापरलेली भाषा १९३०च्या दशकातील जर्मनीतल्या भाषेपेक्षा फारशी वेगळी नाही, असेही लिहिले. तीन दिवसांनी बीबीसीने जाहीर केले की, समाजमाध्यमांच्या वापराबाबत एकमत होईपर्यंत लिनेकर ‘मॅच ऑफ द डे’ हा फुटबॉल सामन्यांचा कार्यक्रम सादर करणार नाहीत. त्यावर कार्यक्रमातील विश्लेषक इयन राइट आणि अॅलन शिअरर यांनी कार्यक्रमात येण्यास नकार दिला आणि पाठोपाठ समालोचकांनीही. ११ मार्चच्या शनिवारी हा कार्यक्रम जेमतेम वीस मिनिटांत आटोपला. ना सूत्रसंचालक, ना विश्लेषक, ना समालोचन. नेहमीची शीर्षकधूनसुद्धा वाजली नाही. एकामागून एक सामन्यांची दृश्ये आणि मैदानातला गलका, एवढेच प्रेक्षकांच्या वाट्याला आले. सोमवारी महासंचालक टिम डेव्ही यांनी दिलगिरी व्यक्त केली आणि समाजमाध्यमांबाबतच्या २०२० सालच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये संदिग्धता असल्याचे मान्य केले. पुढे आयटीएन या ब्रिटिश वृत्तसंस्थेचे माजी मुख्य कार्यकारी अधिकारी जॉन हार्डी यांच्याकडे त्या सूचनांचा फेरविचार सोपवण्यात आला.

लिनेकर हे बीबीसीचे नोकरदार नव्हते, ही गोष्ट या गदारोळात अनेकांच्या लक्षात राहिली नाही. योगायोगाने त्याच मार्च महिन्यात कर न्यायाधिकरणानेही ४९ लाख पौंडांच्या करमागणीचा निकाल त्यांच्या बाजूने दिला. भागीदारी संस्थेमार्फत असले तरी त्यांचे करार बीबीसीशी थेट झालेले आहेत, त्यामुळे मध्यस्थ संस्थांमार्फत काम करणाऱ्यांसाठीचा करनियम त्यांना लागू होत नाही, असा तो निष्कर्ष होता. अशा माणसाला खासगी खात्यावरील मतासाठी संस्थेने बांधून ठेवावे का, यावर दोन टोकांची मते ऐकू येतात. एक म्हणजे ‘ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी’ आणि दुसरे म्हणजे, काम संपले की संस्थेचा संबंध संपला. मला दोन्ही पटत नाहीत. बीबीसीचा खर्च प्रामुख्याने टीव्ही पाहणाऱ्या घरांकडून घेतल्या जाणाऱ्या परवाना शुल्कातून चालतो आणि ते शुल्क भरणाऱ्यांत सगळ्याच पक्षांचे मतदार असतात. ज्या चेहऱ्याला ते दर शनिवारी बीबीसीचा चेहरा म्हणून पाहतात, तोच चेहरा रविवारी एखाद्या पक्षासाठी मते मागू लागला, तर ‘तो आमचा नोकर नाही’ हे स्पष्टीकरण कोणी ऐकून घेणार नाही आणि का घ्यावे? मात्र फुटबॉलची चर्चा घडवून आणणाऱ्याला राजकीय वार्ताहराच्या पंक्तीला बसवून पूर्ण मौनाची अट घालणे हा अतिरेक आहे.

या दृष्टीने २८ सप्टेंबर २०२३ रोजी आलेले नवे नियम जुन्यांपेक्षा निश्चितच चांगले आहेत. मनोरंजन, क्रीडा वगैरे क्षेत्रांतील मोजक्या प्रमुख कार्यक्रमांच्या सादरकर्त्यांवर विशेष जबाबदारी टाकताना ते कार्यक्रम नावानिशी सांगितले आहेत आणि बंधनाचा काळही ठरवून दिला आहे: कार्यक्रम सुरू असताना, तसेच मालिकेच्या आधी आणि नंतर दोन-दोन आठवडे. धोरणांवर मत मांडण्याची मुभा आहे. पक्षाचा पुरस्कार करणे किंवा त्याच्यावर हल्ला चढवणे, ब्रिटनमधील राजकारण्यांवर व्यक्तिगत टीका करणे आणि निवडणूक काळात राजकीय वादाच्या मुद्द्यांवर बोलणे याला मनाई आहे. कोणाला, कधी आणि कशापासून मनाई, हे आधी कळते तेव्हाच त्या नियमाला नियम म्हणता येते. २०२० च्या सूचनांत हेच नव्हते.

तरीही एक मोठी फट राहिली आणि ती लगेच दिसली. नोव्हेंबर २०२३ मध्ये निवेदिका कॅरल व्हॉर्डरमन यांना बीबीसी रेडिओ वेल्सवरचा आपला शनिवारचा कार्यक्रम सोडावा लागला. नव्या नियमांनंतर आपल्या करारात वाटाघाटीला जागा नसलेले बदल झाले आणि सरकारवरील टीका थांबवायला आपण तयार नव्हतो, असे त्यांनी स्वतः सांगितले. त्यांच्या टीकेचा सूर मला अनेकदा रुचलेला नाही, पण मुद्दा तो नाही. चालू कामाच्या अटी एका बाजूने बदलायच्या आणि ‘पटत असेल तर राहा’ म्हणायचे, ही सोय फक्त संस्थेकडे असते. व्हॉर्डरमन निदान जाहीरपणे बोलू शकल्या आणि लिनेकर यांच्यामागे तर अख्खा संघ उभा राहिला. ज्याचे नाव श्रोत्यांना धड आठवतही नाही, अशा प्रादेशिक केंद्रावरच्या निवेदकाच्या बाबतीत काही जाहीर होण्याची वेळच येत नाही. त्याला कोणी काढत नाही, फक्त पुढच्या वेळापत्रकात त्याचे नाव नसते. विचारले तर ‘सध्या गरज नाही’ असे उत्तर मिळते, आणि हे उत्तर त्याच्या पोस्टमुळे आले की खरोखरच गरज नव्हती म्हणून, हे त्याला कधीच सिद्ध करता येत नाही. मी स्वतः बरीच वर्षे कार्यक्रमागणिक मानधनावर निवेदन केले आहे. अशा कामात माणूस नियम मोडण्याला घाबरत नाही, तो पुढचा फोन न येण्याला घाबरतो, आणि त्या भीतीपोटी नियमात बसणारे मतही गिळून टाकतो.

शिवाय मोजपट्टी सगळ्यांना सारखी लागते का, हेही पाहावे लागते. नोव्हेंबर २०२२ मध्ये कतारमधील विश्वचषकाच्या प्रक्षेपणाची सुरुवात करताना याच लिनेकर यांनी यजमान देशातील मानवी हक्कांच्या स्थितीवर कडक शब्दांत भाष्य केले होते, तेही बीबीसीच्याच पडद्यावरून. मार्च २०२३ मध्ये जेव्हा त्यांना बाजूला केले गेले, तेव्हा बीबीसीचे अध्यक्ष रिचर्ड शार्प स्वतः चौकशीच्या फेऱ्यात होते. तत्कालीन पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांच्या कर्जव्यवहारातील आपला सहभाग नियुक्तीच्या वेळी उघड न केल्याच्या ठपक्यानंतर २८ एप्रिलला त्यांना राजीनामा जाहीर करावा लागला. फुटबॉलच्या कार्यक्रमातील एका सूत्रसंचालकाच्या ट्वीटपेक्षा या गोष्टीने प्रेक्षकांच्या विश्वासाला अधिक तडा गेला असेल, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

मे २०२५ मध्ये लिनेकर अखेर बीबीसीतून बाहेर पडले, त्या प्रसंगाची मात्र यात सरमिसळ करू नये. झिओनवादावरील (ज्यूंच्या स्वतंत्र राष्ट्राच्या विचारसरणीवरील) जी पोस्ट त्यांनी पुढे पाठवली होती, तिच्यात उंदराचे चित्र होते. ज्यूंना उंदीर ठरवणाऱ्या नाझी प्रचाराचा इतिहास पाहता तिथे प्रश्न मतस्वातंत्र्याचा नव्हताच. त्यांनीही माफी मागितली.

बीबीसीचा कारभार ज्या सनदेनुसार चालतो, त्या सध्याच्या सनदेची मुदत ३१ डिसेंबर २०२७ रोजी संपते. पुढची व्यवस्था ठरवताना फ्रीलान्स निवेदकांसाठी तीन गोष्टी तिथे स्पष्टपणे लिहिल्या जाव्यात. समाजमाध्यमांवरील बंधने मूळ करारातच नमूद असावीत आणि चालू कराराच्या मध्येच ती वाढवली जाऊ नयेत. पोस्टमुळे काम थांबवायचे असेल, तर कारण लेखी द्यावे आणि त्याआधी निवेदकाचे म्हणणे ऐकून घ्यावे. आणि त्या निर्णयाविरुद्ध दाद मागायची सोय ज्यांनी तो घेतला त्यांच्याकडे नसून बाहेरच्या व्यक्तीकडे असावी.

कळावे,
आपल्या दैनिकाचा एक नियमित वाचक