निकाहनाम्यातला रिकामा रकाना

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुस्लिम स्त्रियांच्या विवाहाविषयी आपल्या सदरात मध्यंतरी जी पत्रे प्रसिद्ध झाली, त्यांतले जवळजवळ प्रत्येक पत्र तोंडी तलाक, चार बायका किंवा आंतरधर्मीय लग्न यांपैकी एखाद्या विषयाभोवती फिरत होते. लिहिणाऱ्यांचा हेतू मी चांगलाच धरते. मात्र ज्या कागदावर आमचे लग्न उभे असते, त्या निकाहनाम्याचा उल्लेख एकाही पत्रात आढळला नाही, म्हणून हे चार शब्द.

मी इंदूरची. आजोबा नगरकडून होळकरांच्या पागेत नोकरीला आले आणि इथलेच झाले. मी आयुष्यभर शाळेत मराठी शिकवले. रामबागेतल्या शेजारणींकडे संक्रांतीच्या हळदीकुंकवाला जाते, कुंकू न लावता वाण घेते, आणि ‘तुमच्यात प्रेमविवाह चालतो का हो?’ असे दर दोन-तीन वर्षांनी कुणीतरी विचारतेच. चालतो. माझ्या मुलीने तिच्याच कचेरीतला मुलगा पसंत केला. तोही मुसलमान असल्यामुळे त्या प्रेमाची बातमी झाली नाही, एवढेच. तिचे प्रेम धर्माबाहेर गेले असते, तर विशेष विवाह कायद्याखाली तीस दिवस तिची नोटीस विवाह अधिकाऱ्याच्या कचेरीत लागली असती. आणि दोघांपैकी कुणी धर्म बदलायचे ठरवले असते, तर मध्यप्रदेशच्या २०२१ च्या कायद्याप्रमाणे साठ दिवस आधी जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागले असते. आपल्या सदरातली काही पत्रे त्या तिढ्याविषयी होती आणि तो तिढा खराच आहे; पण बहुसंख्य मुस्लिम मुलींची लग्ने आपल्याच समाजात होतात आणि त्यांचे प्रश्न साध्या निकाहाच्या दिवसापासूनच सुरू होतात.

निकाह हा करार आहे, हे वाक्य आमच्याकडे अभिमानाने सांगितले जाते. ‘वकील’ (म्हणजे मुलीची कबुली घेऊन येणारा प्रतिनिधी) आणि दोन साक्षीदार मुलीच्या खोलीत येतात, मेहरची, म्हणजे नवऱ्याने बायकोला द्यायची ठरलेली, रक्कम सांगून तिची कबुली विचारतात आणि सही घेऊन जातात. आमच्याकडच्या छापील अर्जात ‘शर्ती, असल्यास’ असा एक रकाना असतो. माझ्या निकाहनाम्यात त्या रकान्यावर एक तिरकी रेघ आहे. ती रेघ मी लग्नानंतर बावीस वर्षांनी, पासपोर्टसाठी कागदपत्रे शोधताना प्रथम पाहिली, कारण तोवर तो कागद सासऱ्यांच्या ट्रंकेत होता. ज्या करारावर आपण सही केली तो आपण वाचलेलाच नाही, याची त्या दिवशी मला लाज वाटली.

म्हणून मुलीच्या वेळी आम्ही अर्जाची कोरी प्रत आठवडाभर आधी मागून आणली. तिने तीन शर्ती लिहिल्या: नोकरी सोडण्याचा निर्णय तिचा राहील, मेहरचा मागाहून द्यायचा भाग रुपयांत न धरता सोन्याच्या तोळ्यांत धरावा, आणि नवऱ्याने दुसरे लग्न केले किंवा घरखर्च थांबवला तर स्वतःहून तलाक घेण्याचा अधिकार तिला असावा. या तिसऱ्या तरतुदीला तफ्वीझ म्हणतात. ती शरियतीत आहे आणि आपल्या न्यायालयांनीही मानलेली आहे. तरीही मंडपात मुलाचे मामू उठले आणि शुभ दिवशी तलाकचे नाव कशाला काढता, असे म्हणाले. काझीसाहेबांनी पेन खाली ठेवले. दोन मिनिटे नुसता पंख्याचा आवाज. मग नवरा मुलगाच म्हणाला, ‘लिहा हजरत, सही मला करायची आहे.’ चौकोन लहान असल्याने तिसरी शर्त समासात आडवी लिहावी लागली.

मेहरविषयी थोडे जास्त लिहिते, कारण घोळ तिथेच होतो. लगेच द्यायचा मेहर आणि मागाहून द्यायचा मेहर या दोन्हींसाठीचे अरबी शब्द उर्दू लिपीत वेगळे दिसतात, एकात ऐन असतो आणि दुसऱ्यात हम्झा. नागरीत मात्र दोन्ही ‘मुअज्जल’च होतात. हिंदीत भरलेल्या अर्जावरून पुढे वाद झाला तर काय लिहिले होते, हे शोधत बसावे लागते. तेव्हा सरळ ‘लगेच’ आणि ‘मागाहून’ असे लिहावे, यात धर्माचे काही बिघडत नाही.

आणि रक्कम. इंदूरकरांना हे सांगायला नको, कारण शाहबानो बेगम इथल्याच. १९३२ साली लग्न झालेल्या या बाईंना पाच मुले झाली, १९७५ साली त्यांना घराबाहेर काढण्यात आले, आणि १९७८ साली त्यांनी इथल्या न्यायालयात पोटगीचा अर्ज केल्यावर वकील असलेल्या नवऱ्याने त्यांना तलाक दिला. इद्दतीच्या, म्हणजे तलाकनंतर बाईने थांबायच्या ठरावीक मुदतीच्या, काळात मेहरचे ३,००० रुपये न्यायालयात भरले, आता माझी जबाबदारी संपली, हा त्याचा युक्तिवाद होता. इथल्या न्यायालयाने महिना २५ रुपये ठरवले. उच्च न्यायालयाने ते १७९ रुपये २० पैसे केले. १९८५ साली सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या घटनापीठाने तो आदेश कायम ठेवला, पण भोवतालचा दबाव असा होता की त्याच वर्षी शाहबानोंनी तो निकाल आपल्याला नको असे जाहीर केले. पुढच्या वर्षी त्या निकालाला बगल देणारा नवा कायदा आला. फौजदारी संहितेतले पोटगीचे कलम मुस्लिम घटस्फोटितेलाही लागू आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा स्पष्ट केले ते १० जुलै २०२४ रोजी. शाहबानोंना जाऊन तेव्हा बत्तीस वर्षे झाली होती. त्रेचाळीस वर्षांच्या संसाराच्या बदल्यात तीन हजार रुपये पुढे केले गेले, ही गोष्ट माझ्या मुलीला पाठ आहे आणि सोन्याचा हट्ट तिने तिथूनच उचलला.

२०१९ च्या कायद्याने एका दमात दिलेला तलाक गुन्हा ठरवून तीन वर्षांपर्यंतची कैद ठेवली. धाक म्हणून त्याचा उपयोग होतही असेल. पण तलाक न देताच बायकोला माहेरी सोडून देणाऱ्या नवऱ्याला तो कायदा शिवत नाही, आणि अशा बाया आमच्या ओळखीत जास्त आहेत. त्यांच्यासाठी १९३९ चा विवाहविच्छेदाचा कायदा आहे, ज्यात दोन वर्षे पोषण न करणे हे एक कारण आहे; परंतु दावा लावून ते सिद्ध करायचे म्हणजे तारखा आल्या आणि वकिलाची फीही आली. निकाहनाम्यात तफ्वीझ लिहिलेली असेल, तर तिची सुरुवात तरी स्वतःच्या हातातल्या कागदाने होते.

१८ एप्रिल १९६६ रोजी समाजसुधारक हमीद दलवाई सात मुस्लिम स्त्रियांना घेऊन मुंबईच्या विधानभवनावर गेले होते. त्यांच्या मागण्या कायदा बदलण्याच्या होत्या आणि त्या मला मान्यच आहेत. माझी मागणी फारच लहान आहे आणि ती आमच्याच काझींकडे व मुलींच्या आईबापांकडे आहे: अर्जाची कोरी प्रत निकाहाच्या आठ दिवस आधी मुलीच्या हातात द्यावी, शर्तींचा चौकोन मोठा छापावा आणि सही झालेली एक प्रत तिच्याकडेच राहू द्यावी. आपल्या वाचकांपैकी कोणी वकील किंवा समुपदेशक असतील आणि अशा शर्तींचा मसुदा सोप्या मराठीत व हिंदीत करून देतील, तर तो इथल्या खजराना आणि चंदननगर वस्त्यांमधल्या ओळखीच्या घरांपर्यंत पोहोचवण्याचे काम मी करीन.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका, इंदूर
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)