हेलिकॉप्टर रुग्णांसाठीही उडावे

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

नागपूरच्या आकाशात हेलिकॉप्टरची घरघर ऐकू आली की आज कोणत्या पुढाऱ्याची सभा, हाच प्रश्न आपल्या मनात आधी येतो. या यंत्राची ओळख तेवढ्यावरच थांबावी याचे मला वाईट वाटते, कारण गडचिरोली जिल्ह्यात शिक्षक असताना मी त्याचे काम जवळून पाहिले आहे.

२०१९ च्या लोकसभा निवडणुकीत माझी ड्युटी भामरागड तालुक्यातील एका केंद्रावर लागली होती आणि आमचे पथक अहेरीहून हेलिकॉप्टरने गेले. चढण्यापूर्वी माणसे आणि मतदान यंत्रांच्या पेट्या यांच्या वजनाचा काटेकोर हिशेब झाला. एप्रिलच्या उन्हात हवा तापून विरळ होते आणि पात्यांची उचलण्याची ताकद घटते, हे कारण तेथील जवानाने ओरडूनच सांगितले, कारण त्या आवाजात साधे बोलणे ऐकूच येत नव्हते. उतरताना शाळेच्या मैदानावर लाल मातीचा असा लोट उठला की कुंपणाचा तट्टा उखडून पार झाडापर्यंत गेला. पण ज्या गावाला पायी पोचायला अख्खा दिवस मोडला असता, तेथे आम्ही अर्ध्या तासाच्या आत उतरलो होतो. त्याच गावातून पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला असताना एका बाळंतिणीला खाटेची डोली करून नेताना मी पाहिले आहे.

धावपट्टी न लागणे आणि हवेत एका जागी स्थिर राहता येणे, या दोन गुणांमुळे हेलिकॉप्टर जे करते ते विमानाला जमत नाही. २०१३ च्या उत्तराखंड प्रलयात रस्ते वाहून गेल्यावर हजारो यात्रेकरूंना त्यानेच बाहेर काढले. मार्च २०२२ मध्ये सरिस्काच्या जंगलात वणवा पेटला तेव्हा हवाई दलाच्या एमआय-१७ हेलिकॉप्टरांनी खाली लटकवलेल्या मोठ्या बादलीतून आगीवर पाणी ओतले. अशा बादलीत एका खेपेला साडेतीन हजार लिटरपर्यंत पाणी मावते. ऋषिकेशच्या एम्समध्ये ऑक्टोबर २०२४ मध्ये रुग्णांसाठी हेलिकॉप्टर सेवा सुरू झाली. गडचिरोली पोलिसांच्या हेलिकॉप्टरनेही पुरात अडकलेल्या गरोदर मातांना हलवले आहे, त्याबद्दल त्यांचे ऋण मानावे तेवढे थोडे. मात्र त्याचे मुख्य काम सुरक्षेचे आहे आणि प्रत्येक हाकेला ते मोकळे असेलच असे नाही.

म्हणून माझी शासनाला विनंती आहे की केवळ रुग्णांसाठी एक हेलिकॉप्टर नागपुरात कायम तैनात करावे. भामरागड येथून सरळ रेषेत सुमारे अडीचशे किलोमीटर, म्हणजे तास-सव्वा तासाचे उड्डाण आहे. रस्त्याने सहा-सात तास लागतात, तेही पूल मोकळे असतील तर. ढग खाली उतरले किंवा अंधार पडला की उड्डाण थांबवावे लागते आणि मे महिन्यातील दुपारी भार कमी घ्यावा लागतो, हे मान्य आहे. त्यासाठीच पावसाळ्यातील उघडीप मिळताच निघता यावे म्हणून वैमानिक, डॉक्टर आणि इंधन तयार ठेवावे, प्रत्येक दुर्गम तालुक्यात सैल पत्रे व तारा नसलेले एक मैदान आखून ठेवावे आणि नागपुरात मेडिकल (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय) व एम्सजवळ उतरण्याची जागा वाहनांच्या पार्किंगपासून मुक्त राहील, याची जबाबदारी एका अधिकाऱ्यावर नावानिशी सोपवावी.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, नागपूर