मॅडम, तुम्ही आधी हात गरम केले

आदरणीय डॉक्टर मॅडम,

सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव इथं लिहीत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही. पत्र मात्र उघडं लिहितोय. माझ्यासारखे साप पाळणारे, त्यांची पिल्लं काढणारे आता मराठवाड्यातही बरेच झालेत. त्यांच्यातल्या दोघा-चौघांनी तरी हे वाचावं असं मनापासून वाटतं.

डिसेंबरातली ती सकाळ डोळ्यांपुढून हलत नाही. परभणीची थंडी तुम्हाला काय सांगावी, त्या आठवड्यात कोपऱ्या-कोपऱ्यावर शेकोट्या पेटल्या होत्या. मी बॉल पायथनचं, म्हणजे लहानशा आफ्रिकी अजगराचं, मान हलवत राहणारं पिल्लू सुती पिशवीत घालून, पिशवी स्वेटरच्या आत छातीशी धरून आलो होतो. बाकावर माझ्या आधी शेळी घेऊन आलेले एक बाबा होते. माझा नंबर लागला तेव्हा नुकताच तुमचा चहा आला होता. मी पिशवीची गाठ सोडायला लागलो तर तुम्ही म्हणालात, "थांबा जरा." आणि तो काचेचा ग्लास दोन्ही तळव्यांत धरून उभ्या राहिलात. मला वाटलं, चहा पिऊन मग बघणार. तुम्ही एक घोटही घेतला नाही. ग्लास हातात फिरवत राहिलात, मग तळवे एकदा स्वतःच्या गालाला लावून पाहिलेत, आणि त्यानंतर पिशवीत हात घातलात. "थंड रक्ताचं जनावर आहे, आपल्या गार हातांनी आणखी गारठेल," एवढंच म्हणालात. बाकावरचे बाबा म्हणाले, "लेकरूच हाय की वो ते बी."

मॅडम, तिथंच माझे डोळे भरून आले. तुम्ही पिल्लाकडं बघत होतात, तुम्हाला दिसलं नसेल.

सहा वर्षं मी ही जनावरं हाताळतोय. हात धुवायचं कळत होतं. गरम करायचं कधी सुचलं नव्हतं.

त्याच्या आधीचे दोन महिने मी दारोदार फिरलो होतो. एका डॉक्टरांनी उंबऱ्यावरूनच परत पाठवलं, बाकीची माणसं घाबरतील म्हणाले. दुसऱ्यांना फोन केला, तर पहिला प्रश्न, "किमतीला किती जातं?" आकडा ऐकून म्हणाले, मग औषधावर कशाला खर्च करता, पुढच्या अंड्यांतून दुसरं निघेल. तिसऱ्यांनी व्हिडिओ मागवला आणि तो उघडायच्या आत अँटिबायोटिक लिहून दिलं. आणि ज्यांच्याकडून मी हा छंद शिकलो, ते तर माझेच लोक. ते म्हणाले, "स्पायडर आहे ना? मग मान हलणारच. खातंय तोवर बघायचं." स्पायडर हे या सापांतल्या एका नक्षीचं नाव. एकानं रात्री मुद्दाम फोन करून सांगितलं, बोभाटा करू नकोस, सगळ्यांचेच भाव पडतील. औषध तुमच्याकडंही नव्हतं. ते तुम्ही पाचव्या मिनिटाला स्पष्ट सांगितलंत आणि तरी अर्धा तास त्याला हातात घेऊन बसलात.

ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. बॉल पायथन म्हणजे पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला लहानसा अजगर. घाबरला की डोकं आत घेऊन चेंडूसारखं वेटोळं घालतो, त्यावरून नाव पडलं. त्याच्या रंग-नक्षीचे निरनिराळे प्रकार काढायचे, ज्याला आम्ही मॉर्फ म्हणतो, त्यावरच हा सगळा छंद चालतो. स्पायडर हा त्यातलाच एक, अंगभर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा. फार देखणा दिसतो. पण ही नक्षी ज्या जनुकातून येते त्याच्यासोबत बिघडलेला आतला कानही येतो. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या सापांच्या डोक्यांचे सूक्ष्म सीटी स्कॅन केले, तेव्हा तोल सांभाळणाऱ्या अर्धवर्तुळाकार नलिका वेड्यावाकड्या निघाल्या. म्हणून मान थरथरते, डोकं पिळलं जातं, काही पिल्लं उताणी होतात, झेप घेतली तर भक्ष्य एकीकडं आणि तोंड दुसरीकडं. आई-बापांतला एकच स्पायडर असला तरी साधारण निम्मी पिल्लं स्पायडर निघतात.

हे मला माहीत होतं, मॅडम. माहीत असून मी जोडी लावली. सहा अंडी झाली, त्यांत तीन स्पायडर. दोन विकले. तिसरं तुमच्या टेबलावर होतं.

मी काही पैशांसाठी यात आलो नव्हतो. आजोबांच्या शेतात बांधाला धामण असायची. गडी काठी घेऊन धावले की आजोबा आडवे यायचे, "उंदरं खाती ती, आपली राखण करती." मी तासन् तास तिच्या बिळापाशी बसायचो. आपल्याकडचे साप घरात ठेवायला कायद्यानं बंदी, आणि ते योग्यच आहे. म्हणून परदेशी जातीकडं वळलो. पहिली जोडी आणली त्या रात्री मी झोपलोच नाही. आनंदानं. पहिली पिल्लं अंड्याला चीर पाडून नाक बाहेर काढून बसली होती, तेव्हा आईला वर बोलावून दाखवलं होतं.

मग दोनाचे दहा साप झाले, दहाचे चौतीस. आणि चौतीस सापांच्या पोटासाठी दोनशेवर उंदीर. तेही मीच वाढवायचे आणि मीच मारायचे. बाहेरच्या कुणाला हे कळत नाही. साप आठ-दहा दिवसांनी खातो, पण उंदरांना रोज दाणा लागतो, रोज पाणी लागतं आणि त्यांचा वास कपड्यांतून जात नाही. या विषयावरची पुस्तकं थंड देशांतल्या लोकांनी लिहिलेली, त्यांत जनावर गरम कसं ठेवायचं तेच सगळं. आपल्याकडं मे महिन्यात ४३-४४ अंश. अंडी ३१-३२ अंशांवर जवळजवळ दोन महिने सांभाळायची, म्हणजे मला खोली गार ठेवायची असायची. वाळ्याचे पडदे, कूलर, इन्व्हर्टर. एका मे महिन्यात दुपारभर लाईट गेली, इन्व्हर्टर बसला आणि मी खाली दुकानात होतो. संध्याकाळी वर गेलो तर साठ-सत्तर उंदीर मेलेले, आणि अंड्यावर आलेली एक मादी पाण्याच्या भांड्यात तोंड घालून पडलेली. ती रात्रीतून गेली. मी तिला शेतात पुरलं आणि सकाळी नऊला शटर वर केलं.

माझं बी-बियाण्याचं दुकान आहे. मृग निघाला की सोयाबीनसाठी सकाळी सातपासून रांग, आणि नेमकी तेव्हाच वर अंडी फुटतात. दिवसभर गिऱ्हाईक, रात्री दोनपर्यंत साप ठेवायचे टब धुणं. जिन्याखालून आई विचारायची, "काय करायलास रे एवढ्या रातीला?" मी उत्तर द्यायचो नाही. बहीण गंगाखेडला, तासाभराच्या अंतरावर, पण चार वर्षांत तिच्याकडं मुक्काम केला नाही. शेवटी शेवटी तर टब उघडायचा, पाणी बदलायचं, टब सरकवायचा, आत कोण आहे हे बघतही नव्हतो. चार फुटांची मादी अडीच फुटांच्या टबात वर्षं काढते. तिला सरळ पसरलेली मी कितीतरी महिन्यांत पाहिली नव्हती.

नागपंचमीला आई भिंतीवर गंधानं नाग काढते. त्या दिवशी घरात विळी हातात घेत नाही, तवा चुलीवर चढत नाही, शेतात नांगर चालत नाही. कुठं नागाला लागू नये म्हणून. मागच्या पंचमीला ती खाली लाह्या वाहत होती आणि वर माझ्या हातात ते पिल्लू मान पिळून गोल गोल फिरत होतं. मला खाली आरतीला जाववलं नाही.

कागदपत्रं माझी सगळी रीतसर. २०२० साली केंद्र सरकारनं परदेशी प्राणी स्वेच्छेनं जाहीर करायला सांगितले तेव्हा केले, २०२४ च्या नियमांनुसार नोंदणीही केली. पिल्लं जन्मली, मेली की कळवायचं, तेही केलं. कागदावर माझी एक चूक सापडायची नाही, आणि तेच मला जास्त डाचत होतं. किती जन्मले हे विचारणारा रकाना होता. जन्मलेल्याला डोकं सरळ धरता येतं का, हे कुणी विचारत नव्हतं.

त्या दिवशी तुम्ही दोनच गोष्टी विचारल्यात. "वर आणखी किती आहेत?" मी म्हणालो, चौतीस. "आणि बघणारे तुम्ही एकटेच?" मला हो म्हणायलाही आवाज फुटेना. तुम्ही रागावला असतात तर मी ऐकून घेतलं असतं, तयारीनंच आलो होतो. तुम्ही चहा माझ्यापुढं सरकवलात. पार निवला होता, तरी मी तो संपवला.

मॅडम, आमच्या गावाकडं बाळंतिणीच्या खोलीत न्हाऊ घालणारी बाई आधी शेगडीवर हात शेकते आणि मगच लेकराला उचलते. आजी रात्री व्यालेल्या गाईच्या वासराला हात लावण्याआधी चुलीपुढं बसायची. त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. समोरच्याच्या अंगाला काय वाटेल हे आधी आपल्या अंगात यायला लागतं, तेवढं त्यांच्याकडं होतं. इतकी वर्षं मी साप या विषयावर मिळेल ते वाचलं आणि हे माझ्यातून कधी निसटलं ते मला कळलंच नाही.

पिल्लू सुधारलं नाही, ते तुम्हाला ठाऊकच आहे. नळीनं भरवूनही वजन ४८ ग्रॅमवरून ४१ वर आलं. तुम्ही स्वतःहून दोनदा फोन केलात. शेवटी आपण ठरवलं, आणि भोगीच्या दिवशी, घरी भोगीची भाजी शिजत असताना, मी ते परत तुमच्याकडं आणलं. तुम्ही दार लावून घेतलंत. त्या दिवशी चहा आलेला नव्हता. तुम्ही किटलीत पाणी तापवलंत, स्टीलच्या भांड्यात ओतलंत, हात बुडवलेत, टॉवेलनं कोरडे केलेत आणि मग त्याला उचललंत. थोड्या वेळानं ते नसणारच होतं. त्या थोड्या वेळासाठी तुम्ही पाणी तापवलंत. इंजेक्शननंतरही बराच वेळ ते तुमच्या ओंजळीतच होतं, आणि त्याची मान पहिल्यांदाच स्थिर होती.

या हिवाळ्यात मी एकही जोडी लावली नाही. नर-मादी वेगळे केलेत. बावीस साप ओळखीच्या तीन घरी दिले, रीतसर, मोठ्या काचपेट्या आधी डोळ्यांनी पाहून. स्पायडर मात्र एकही दिला नाही, ते माझ्याकडंच राहतील. बॉल पायथन वीस-तीस वर्षं सहज जगतो. मी आता अडतीसचा. जमेल. उंदरांच्या पेट्या दहावर आणल्यात. टब काढून भिंतीला लागून लाकडी कपाटं करून घेतली. परवा त्या म्हाताऱ्या मादीला आत सोडलं, तर ती या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ पसरली आणि तशीच पडून राहिली. मी जिन्यावर बसून बघत होतो. महाशिवरात्रीला गंगाखेडला दोन रात्री राहून आलो. बहिणीच्या पोरानं मला नीट ओळखलंही नाही आधी.

विकलेल्या दोन्ही पिल्लांच्या मालकांना फोन केले. एकानं फोन ठेवून दिला. दुसरा नांदेडचा कॉलेजातला मुलगा, तो म्हणाला, "दादा, मीच तुम्हाला विचारणार होतो, ते सारखं उताणं का होतंय?" पैसे परत करून पिल्लू घेऊन आलोय. खातंय, पण नेम चुकतो. गुरुवारी तुमच्याकडं आणतो. चहा थर्मासमध्ये मी घेऊन येतो.

तुमचा,
बी-बियाण्याच्या दुकानावरचा