चार झाडं ठेवली आहेत

चि. माईस अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर ‘काही नाही, सर्दी आहे’ म्हणालीस. असू दे सर्दी. पीसीआर (व्हायरसचा जीन वाढवून तपासायचा तुझा प्रयोग) तिसऱ्यांदा फसला, जेलवर निकालाची पट्टीच दिसली नाही, हे मला नंतर तुझ्या आईने सांगितलं. यातलं मला फार कळत नाही. पण दिवाळीत तू सांगितलेली ती हवाईची हकीकत रात्री पाणी भरताना रोज डोक्यात येते.

डेनिस गोन्साल्विस साहेब. उसाच्या मळ्यावर वाढलेला माणूस, आणि आयुष्य घातलं ते पपईच्या व्हायरसपायी. माझ्या लक्षात राहिली ती सालं. तिथल्या पुना भागात (आपलं पुणं नव्हे, हे तू मला दोनदा समजावलंस) बेटांवरची बहुतेक सगळी पपई पिकायची. तिथे रिंगस्पॉट, म्हणजे त्या व्हायरसचा रोग, दिसला मे 1992 मध्ये. आणि रोगाला न जुमानणारी झाडं दुसऱ्या बेटावर चाचणीला लागली होती त्याच्या महिनाभर आधी. आपण तहान लागल्यावर विहीर खणतो. या माणसाने सहा-सात वर्षं आधीच कुदळ मारली होती. त्या वर्षांत त्यांच्याही पट्ट्या किती वेळा दिसल्या नसतील! बंदुकीने जीन मारून बनवलेल्या झाडांतून शेवटी कामाला आली ती 55-1 ही एकच ओळ. तरी परवानग्या होऊन तिच्यातून आलेल्या ‘रेनबो’ पपईचं बी शेतकऱ्यांच्या हातात पडलं 1998 च्या मेमध्ये, फुकट. तोवर पुनाचं उत्पादन निम्म्यावर आलं होतं. ती मधली सहा वर्षं त्या शेतकऱ्यांनी कशी काढली असतील, ते मात्र मला तुझ्यापेक्षा जास्त कळतं.

एक कबूल करतो. मागच्या साली तू बागेतून पानं तोडून नेलीस तेव्हा मी चिडलो होतो. म्हटलं, 1948 सालीच पुण्याच्या कपूर-वर्मांनी मुंबई प्रांतातल्या पपईच्या मोझॅक या व्हायरस-रोगाची नोंद करून ठेवली, आता हिला शहाद्याची पानं कशाला हवीत? हवाईचं बी आणा नि लावा. आपल्याकडे ते लावायला परवानगी नाही, तो भाग वेगळा. पण तू बाजार समितीच्या गेटचं उदाहरण दिलंस तेव्हा उलगडलं. गेटवर खोट्या पावतीची नक्कल आधीच दिलेली असेल, तर तोच मजकूर घेऊन येणारी पावती फाडली जाते. झाडाचंही तसंच. व्हायरसच्या आवरणाचा जीन त्यात घातला, की जुळणारा आरएनए (व्हायरसचा मजकूरच तो) आला रे आला की झाड त्याचे तुकडे करतं. पण मजकूर बराच बदललेला असला, तर पावती बिनबोभाट आत. तैवान-थायलंडच्या व्हायरसपुढे ‘रेनबो’ टिकली नाही ती म्हणूनच. मग आपल्या पावतीवर काय लिहिलंय ते आपल्याच पानांतून वाचायला नको का?

आणि फवारणीचं तुझं बरोबर, माझं चूक. रोग पसरवणारा मावा मरायच्या आधी सोंड खुपसून मोकळा होतो. काही सेकंदांचं काम. औषधाच्या दुकानात मी किती ओतलं त्याचा हिशेब तुझ्या आईला सांगू नकोस.

आता कामाचं. बाग मोडली. शेंड्याची पानं दोरीसारखी झाली होती, फळांवर चकत्या, व्यापारी बांधावरूनच परत गेला. मी झाडं उपटून गाडली. पण तू नमुने हवेत म्हणाली होतीस, म्हणून विहिरीकडची चार ठेवली आहेत. शेजारच्या काकांची नवी लागण येत्या सोमवारी आहे, आणि त्यांच्या कोवळ्या रोपांशेजारी मी रोगाची झाडं उभी ठेवणार नाही. तुझ्या संशोधनासाठीही नाही. काका काही बोलले नाहीत, पण रोज संध्याकाळी त्या चार झाडांकडे बघून जातात.

तेव्हा रविवारी सकाळपर्यंत ये. बर्फाची पेटी आण, मागच्या वेळी डब्यात पानं काळी पडली होती. झाडांना मी एक ते चार नंबरच्या चिंध्या बांधल्यात. तीन नंबरच्या झाडाचं एक पान अजून हिरवंगार आहे, ते का, ते मला सांग.

सर्दीला हळद-दूध घे.

तुझे नाना